उन्हाळी शिबिरातला पोहण्याचा तास: शिकवणाऱ्यांनी आणि राखण करणाऱ्यांनी लिहा

दिवसभराच्या उन्हाळी शिबिरात पोहण्याचा 'तास' म्हटला तरी मूल पाण्यात असतं ते ३५ मिनिटंच. बाकीचा वेळ कपडे बदलण्यात आणि रांगा लावण्यात जातो. असे १० दिवस धरले तर पाण्यातला एकूण वेळ सहा तासही भरत नाही. एवढ्यात काय शिकवायचं, कोणत्या क्रमानं, आणि कुठे हटकून चुकतं, हे पाण्यात उतरणाऱ्यांनी आणि काठावर उभं राहणाऱ्यांनी इथे लिहावं. किस्से नकोत. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाला तरी वापरता येईल असं लिहा.

नवशिक्या गटाची शिक्षिका, वय ५ ते ८

आधी पाण्यात उभं राहायला शिकवा. तरंगणं त्यानंतर. बहुतेक शिबिरांत हा क्रम उलटा असतो आणि मुलं घाबरतात ती नेमकी तिथेच. आडवं झालेलं मूल पाय तळाला कसे टेकवायचे ते माहीत नसल्यामुळे धडपडतं, नाकातोंडात पाणी जातं, आणि पुढचे दोन दिवस ते कठडा सोडत नाही.

पाणी मुलाच्या कमरेच्या वर आणि छातीच्या खाली हवं. पहिल्या दिवशी फक्त श्वास. कठडा धरून हनुवटी पाण्यात, मग ओठ, मग नाक, मग डोळे. ओठ पाण्यात गेले की फुंकर मारून बुडबुडे काढायचे. नाक पाण्यात जाताना तोंड मिटून 'हम्म्' असं गुणगुणायला सांगा. गुणगुणताना हवा आपसूक नाकातून बाहेर पडते, त्यामुळे पाणी आत शिरत नाही. 'श्वास रोखून धर' असं सांगितलं की मूल गाल फुगवतं, मान आखडतं, आणि डोकं वर येताच त्याला एकाच वेळी श्वास सोडायचाही असतो आणि घ्यायचाही. ठसका लागतो तो तिथे.

दुसऱ्या दिवशी पालथं तरंगणं आणि त्यातून उभं राहणं, दोन्ही एकत्र. मी तळवे वर करून समोर उभी राहते, मूल माझ्या तळव्यांवर हात ठेवतं, चेहरा पाण्यात घालतं आणि पाय सोडतं. तीन अंक मोजायचे. मग गुडघे पोटाशी, दोन्ही हातांनी पाणी खाली आणि मागे दाबायचं, पावलं तळाला लागली की सगळ्यात शेवटी डोकं वर. शंभरातली नव्वद मुलं डोकं आधी उचलतात. डोकं वर गेलं की कंबर खाली जाते, पाय मात्र मागेच राहतात आणि मूल पुन्हा तोंडावर पडतं. 'गुडघे, हात, डोकं' असं तीन शब्दांत म्हणून घ्या, मुलांकडूनही मोठ्यानं वदवून घ्या. हे न धरता जमलं की बाकीचं सोपं आहे.

उताणं तरंगण्याबद्दल, आणखी एक शिक्षक

वरच्याशी पूर्ण सहमत. उताण्यावरून उभं राहण्याची रीत वेगळी आहे, तीही लिहून ठेवतो: हनुवटी छातीशी, खुर्चीवर बसल्यासारखी कंबर खाली सोडायची, गुडघे वर, आणि हातांनी पाणी मागून पुढे ओढायचं.

उताणं तरंगताना अडचण येते ती कानांची. कानात पाणी जाऊन आवाज बदलला की मूल मान उचलतं, मान उचलली की कंबर बुडते. म्हणून आडवं करण्याआधी उभ्या उभ्याच एकेक कान पाण्यात घालून घ्या, आत काय ऐकू येतं ते विचारा. मग एक हात डोक्याखाली, एक कमरेखाली. नजर सरळ वर, हनुवटी थोडी उंच, पोट आकाशाकडे. आधी कमरेखालचा हात काढायचा, डोक्याखालचा शेवटी. तोही एकदम काढू नका: तळवा, मग चार बोटं, मग दोन, मग एक.

काटक मुलांचे पाय बुडतात. ही त्यांची चूक नाही. फुप्फुसांतल्या हवेमुळे शरीर छातीपाशी उचललं जातं, वजन मात्र कमरेच्या आसपास असतं, त्यामुळे पाय खाली फिरतात. दोन्ही हात पाण्यातच डोक्याच्या वर नेले आणि गुडघे किंचित वाकवले की तोल सुधारतो. श्वास भरून धरायचा, झटकन सोडायचा, लगेच पुन्हा भरायचा. छाती रिकामी असेल तेवढा वेळच शरीर खाली जातं. हे मुलांना सांगून टाकलं की ती क्षणभर खाली जाण्याला घाबरत नाहीत.

पाय मारणं आणि बाजूला श्वास, मोठा गट

पहिली चूक 'सायकल'. मूल गुडघ्यातून पाय मारतं, मांडी पोटाखाली येते आणि सगळा जोर लावूनही ते जागच्या जागी राहतं. काठावर बसवा, पाय पाण्यात, घोटे सैल. गुडघ्यावर तुमचा हात हलकेच ठेवा म्हणजे पाय मांडीच्या मुळापासून हलतोय का ते मुलाला कळतं. पाणी खळखळलं पाहिजे, उडालं नाही पाहिजे. पावलं आखडून 'बूट घातल्यासारखी' धरली तर मूल चक्क मागेही सरकतं.

हातात धरायची तरंगती फळी दिली की दुसरी चूक येते. मूल फळीवर छाती टाकून डोकं वर ठेवतं, पाय खाली लोंबतात. फळीची मागची कड धरायला लावा, हात लांब, चेहरा पाण्यात. आठ वेळा पाय, मग डोकं उचलून श्वास, पुन्हा चेहरा आत. आणि फळीच्या आधी, भिंतीला पाय लावून स्वतःला ढकलत बाणासारखं सरकणं घ्या. हात कानांमागे, एक तळवा दुसऱ्यावर. दोन-तीन मीटर नुसतं सरकता आलं की पाय मारण्याला अर्थ येतो.

बाजूला श्वास घेताना डोकं उचलायचं नसतं, वळवायचं असतं. पुढे ताणलेल्या दंडावर एक कान टेकलेला, गॉगलची एक काच पाण्यात, एक बाहेर. हवा आधीच पाण्यात सोडलेली असली पाहिजे. १० दिवसांत हे सगळ्यांना जमणार नाही. ज्यांना जमत नाही त्यांना पालथ्यावरून उताण्यावर लोळायला शिकवा: दमलं की पलटी, दोन श्वास, पुन्हा पालथं. माझ्या मते शिबिरातल्या मुलाला ही पलटी अर्धवट फ्रीस्टाइलपेक्षा कितीतरी अधिक उपयोगी पडते.

जीवरक्षक

शिकवणारा राखण करू शकत नाही. एका मुलाचा हात धरलेला असताना पाठीमागे काय चाललंय ते दिसत नाही. नवशिक्यांत एका शिक्षकामागे चार ते सहा मुलं, आणि त्याशिवाय काठावर एक माणूस ज्याच्याकडे दुसरं कुठलंही काम नाही. फोन नाही, टॉवेल वाटणं नाही, पालकांशी बोलणं नाही.

आमच्यात १०/२० चा नियम वापरतात: आपल्या राखणीतला पाण्याचा पट्टा दर १० सेकंदांत नजरेखालून गेला पाहिजे आणि त्यातल्या कुठल्याही ठिकाणी २० सेकंदांत पोचता आलं पाहिजे. उन्हाची तिरीप पाण्यावर पडून तळ दिसेनासा झाला तर जागा बदला. तळाची जाळी स्पष्ट दिसत नसेल तर तास घेऊ नका.

बुडणारं मूल ओरडत नाही. तोंड जेमतेम पाण्याबाहेर येतं तेव्हा ते श्वास घेण्यात जातं, हाक मारायला हवाच उरत नाही. हात हलवून खूण करत नाही, कारण हात बाजूला पसरून पाणी खाली दाबण्यात गुंतलेले असतात. शरीर उभं, पाय हलत नाहीत, डोकं मागे, केस डोळ्यांवर आले तरी बाजूला सारले जात नाहीत. हे असं २० ते ६० सेकंद टिकतं. 'बरा आहेस ना?' विचारल्यावर उत्तर आलं नाही की आत जायचं, खात्री करत बसायचं नाही.

श्वास रोखून धरण्याच्या शर्यती पूर्ण बंद. भराभर श्वास घेऊन पाण्याखाली गेलं की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी झालेला असतो. श्वास घ्यायची ऊर्मी देतो तो कार्बन डायऑक्साइड. ती ऊर्मी येण्याआधीच ऑक्सिजन संपतो आणि चांगलं पोहणारं मूलही खाली बेशुद्ध होतं.

मूल बाहेर काढल्यावर पोट दाबून पाणी काढू नका, उलटं धरू नका. श्वास चालत नसेल तर आधी तोंडाने श्वास द्यायला सुरुवात करा, मग छातीवर ३० दाब आणि २ श्वास असं चालू ठेवा. बुडण्यात हृदय थांबतं ते ऑक्सिजनअभावी, म्हणून नुसते छातीवरचे दाब पुरत नाहीत. दुसऱ्या माणसाने तेवढ्यात रुग्णवाहिकेला फोन करायचा. शुद्धीवर आलेल्या मुलालाही डॉक्टरकडे न्यायचंच, आणि नंतर खोकला किंवा धाप राहिली तर ताबडतोब.

पाण्याची तपासणी बघणारा

थोडक्यात लिहितो. मोकळं क्लोरीन, म्हणजे जंतू मारायला शिल्लक असलेलं, १ ते ३ पीपीएम (दहा लाख भागांत एवढे भाग), पीएच म्हणजे आम्लतेचं माप ७.२ ते ७.८; तपासायचं मुलं उतरण्याआधी आणि मग दर दोन-तीन तासांनी. पीएच ८ च्या वर गेला तर क्लोरीन भरपूर असूनही काम कमी करतं. डोळे चुरचुरणं आणि उग्र वास म्हणजे क्लोरीन जास्त झालं, असं पालक समजतात. तो वास क्लोरामाइनचा, म्हणजे घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन तयार झालेल्या पदार्थाचा. उपाय दोन: उतरण्याआधी साबण लावून अंघोळ, आणि प्रत्येक गटाला पाण्यात जाण्याआधी सक्तीनं स्वच्छतागृहात पाठवणं.

जुलाब होत असलेलं मूल पाण्यात नको. क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी नेहमीच्या क्लोरीनमध्ये सात दिवसांहून जास्त तग धरतो. त्याचं निदान झालं असेल तर जुलाब थांबल्यावरही दोन आठवडे थांबायचं.

शर्यतीच्या तलावात पाणी २५ ते २८ अंश असतं. लहान, नवशिक्या, बराच वेळ उभ्या राहणाऱ्या मुलांना २९ ते ३२ लागतं. ओठ निळे, हुडहुडी, बोटं आखडलेली दिसली की घड्याळ न बघता बाहेर.

दिवसाचं वेळापत्रक बघणारी

पोहण्याचा तास जेवणानंतर लगेच टाकू नका. तासभर आधी हलकं खाणं बरं. पोहून आल्यावर मुलांना सपाटून भूक लागते, तेव्हा डबा त्यानंतर ठेवा. सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा जास्त, पाण्यात उतरण्याआधी १५ मिनिटं, आणि बाहेर आल्यावर अंग पुसून पुन्हा. 'वॉटरप्रूफ' काही नसतं. पाण्याला तग धरणाऱ्या सनस्क्रीनवर ४० किंवा ८० मिनिटं लिहिलेली असतात, ती बघा.

मनगटावर रंगीत पट्टी: लाल फक्त उथळ, पिवळा छातीभर, हिरवा खोल. पट्टी पहिल्या दिवशीच्या चाचणीवरूनच द्यायची, पालकांच्या शब्दावर नाही. जोड्या लावा. दर १० मिनिटांनी शिट्टी, जोडीदाराचा हात वर, आणि आकडे मोठ्यानं मोजायचे. मोजणी तीनदा लिहून ठेवायची: उतरण्याआधी, बाहेर आल्यावर, कपडे बदलून झाल्यावर. तिसरी मोजणीच सगळीकडे राहून जाते, आणि विसरलेला गॉगल आणायला मूल एकटं परत जातं ते नेमकं तेव्हाच.

गॉगल आणि दंडावरचे फुगे, थोडं वेगळं मत

गॉगल पहिल्या दिवसापासून नको असं काही शिक्षक म्हणतात. मला तसं वाटत नाही. डोळे चुरचुरले की मूल चेहरा घालणं टाळतं. फक्त रोज पाच मिनिटं गॉगलशिवायही घ्या, कारण पाय घसरून पडलेलं मूल गॉगल लावून पडत नाही. निवडताना पट्टा न लावता डोळ्यांवर हलकेच दाबा, दोन-तीन सेकंद चिकटून राहिला तर बसतो. गळायला लागला की मुलं पट्टा आवळतात. गळतो तो बहुतेकदा टोपीची कड किंवा केस खाली आल्यामुळे.

दंडाला बांधायचे फुगे मात्र नकोतच. ते मुलाला पाण्यात उभं ठेवतात, आणि पोहायला लागतं आडवं शरीर. वर मूल समजतं की मला तरंगता येतं.

जे मूल उतरतच नाही

ढकलू नका, उचलून आत नेऊ नका, 'बघ, तो बघ कसा करतो' म्हणू नका. पायरीवर बसू द्या, मगाने स्वतःच्या खांद्यावर पाणी ओतू द्या, मग डोक्यावर. किती वेळ आत राहायचं ते त्यानेच सांगावं, आणि त्याने 'पाच' म्हटलं तर पाच मोजून बाहेर काढावं. सहावा आकडा मोजला की विश्वास गेला.

फिट येणाऱ्या मुलाजवळ हाताच्या अंतरावर एक मोठा माणूस, पूर्ण वेळ. दम्याचा इन्हेलर काठावर, नावाच्या चिठ्ठीसह. कपड्यांच्या खोलीतल्या दप्तरात असलेला इन्हेलर ऐन वेळी उपयोगाचा नाही. कानात नळी बसवलेली असेल तर डॉक्टरांना विचारून मगच. पोहून आल्यावर डोकं वाकडं करून कान रिकामा करायचा, कडा टॉवेलने पुसायच्या, कानात काडी घालायची नाही.

नवशिक्या गटाची शिक्षिका, पुन्हा

शेवटच्या दिवशी काय तपासायचं ते राहिलं होतं. अमेरिकन रेड क्रॉस पाच गोष्टी सांगतं: डोक्यावर पाणी असेल तिथे उडी मारून वर येणं, एक मिनिट तरंगणं किंवा जागच्या जागी राहणं, पूर्ण वळून बाहेरची वाट शोधणं, सुमारे २३ मीटर जाणं, आणि शिडीशिवाय बाहेर येणं. १० दिवसांत नवशिकं मूल इथवर सहसा पोचत नाही. म्हणून मी छातीभर पाण्यातच तपासते: काठावरून मुटका न मारता पाय खाली ठेवून उडी, वर येणं, भिंतीकडे वळणं, तीन मीटर परत, आणि दंडांवर जोर देऊन कठड्यावर चढणं. बाहेर चढणं रोज करून घ्या. कोपर, पोट, गुडघा या क्रमानं चढता येतं.

पालकांना द्यायच्या कागदावर 'पोहायला येतं' असं कधीही लिहू नका. असं लिहा: 'छातीभर पाण्यात ३ मीटर येतं. उताणं १५ सेकंद तरंगतं. स्वतः उभं राहतं. बाजूला श्वास अजून नाही. खोल पाण्यात नेलेलं नाही. पाण्यात असेल तेव्हा मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं.'