कलचाचणीचा अहवाल किती मनावर घ्यायचा?

कुंपणावरची (धागाकर्ती)
मुलीच्या शाळेत कलचाचणी झाली. २४ पानी रंगीत अहवाल हातात पडला. तिचा 'हॉलंड कोड' (आवडीच्या सहा प्रकारांना सहा अक्षरं, त्यांतली सर्वाधिक गुणांची तीन) आला एस-ए-आय, म्हणजे लोकांत रमणारी, कलात्मक, शोधक. शेवटी व्यवसायांची लांबलचक यादी. तिला इंजिनिअर व्हायचंय आणि यादीत नेमकं तेच नाही. दोन दिवस पोरगी गप्प आहे. शाळकरी वयात असल्या चाचण्या घेऊच नयेत, असं माझं स्पष्ट मत झालंय. 'यंत्रं दुरुस्त करायला आवडेल का?' असा प्रश्न होता. जिनं पाना कधी हातात धरला नाही, तिनं काय सांगावं? ती 'नाही' लिहून मोकळी झाली!

मास्तर
असहमत. ही आवडीची चाचणी आहे, क्षमतेची नव्हे. ज्यांच्या नावाचा हा कोड, त्या मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी १९५९ मध्ये मांडलं ते एवढंच, की माणसाचा कल आणि कामाचं वातावरण जुळलं तर माणूस तिथे टिकतो. 'तुला जमणार नाही' असं ती अक्षरं कधीच म्हणत नाहीत. जमेल का हे बघायला वेगळ्या चाचण्या असतात, शाब्दिक तर्क, आकडेमोड, यांत्रिक समज सगळं सुटंसुटं मोजणाऱ्या. आणि चाचणी नको तर मग कोण ठरवणार? नातेवाईक? ज्यांच्या घरात आधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही, त्या मुलांना ती यादी म्हणजे पहिल्यांदा उघडलेली खिडकी असते.

शंकासुर
खिडकी कसली, शिक्का म्हणा. 'कॉलेजसाठी तयार' हेच घ्या. अमेरिकेतल्या एसीटी या कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेत त्यासाठी विषयवार गुणांची रेघ असते. ती गाठली म्हणजे पहिल्या वर्षाच्या त्या विषयात किमान 'बी' श्रेणी मिळायची शक्यता ५० टक्के, किमान 'सी'ची ७५. म्हणजे रेघेवरच्या मुलाचा 'बी' छापा-काट्यावर, आणि आपण त्याला 'तयार' म्हणायचं. तिथलीच दुसरी प्रवेशपरीक्षा सॅट १९२६ मध्ये आणणाऱ्या कार्ल ब्रिगम यांनी बुद्धी आणि वंश यांबद्दलचे आपले जुने निष्कर्ष १९३० मध्ये स्वतःच मागे घेतले. करणाऱ्यांनाच इतकी खात्री नसते, आपण मात्र अहवाल लॅमिनेट करून ठेवतो.

मास्तर
ब्रिगम यांचा इथे संबंध नाही, तो बुद्धिमापनाचा वाद. रेघेचं म्हणाल तर तिच्याखाली शक्यता आणखी कमी होते, हे दोन वर्षं आधी कळलेलं बरं की प्रवेश घेतल्यावर? कच्चं गणित भरून काढायला वेळ लागतो.
अवांतर: बोटांच्या ठशांवरून करिअर सांगणारे यात धरू नका. त्याला शास्त्रीय आधार नाही.

कुंपणावरची, एक करा. कोड बाजूला ठेवा आणि सहाही अक्षरांचे मूळ गुण मागवा. गुण जवळजवळ सारखे असतील तर पहिली तीन अक्षरं फारसं काही सांगत नाहीत.

कुंपणावरची
मागवले. तिसरं 'आय' आणि चौथं 'आर', म्हणजे यंत्रं-अवजारंवालं, यांत फरक एका गुणाचा. मुलीला विचारलं तर म्हणते, "दुरुस्ती मला खरंच नाही आवडत, मला पूल बांधायचेत." पूल बांधण्याबद्दल प्रश्नच नव्हता म्हणे.

शंकासुर
एक गुण! मग २४ पानांत लिहिलं तरी काय होतं?

मास्तर
बहुतेक पानं सगळ्यांना सारखीच असतात. हे मात्र तुमचं मान्य.