मॉर्टिफिकेशन : नक्कल नव्हे

‘ख्रिस्ती डेथ मेटल म्हणजे दुसऱ्यांचा आवाज उचलायचा आणि शब्द तेवढे बदलायचे,’ असं काही जण म्हणतात. (डेथ मेटल म्हणजे गुरगुरत्या गायकीचं, अतिशय जोरकस रॉक संगीत; ख्रिस्ती बँड त्यावर श्रद्धेची गाणी गातात.) मला हे अजिबात पटत नाही. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या मॉर्टिफिकेशन या बँडचा १९९२चा ‘स्क्रोल्स ऑफ द मेगिलोथ’ हा अल्बम एकदा हेडफोन लावून ऐकाच. त्यात स्टीव्ह रो बेस गिटार वाजवतो आणि गातोही. त्याचा आवाज इतका खोलातून येतो की शब्द कळायच्या आधी छातीत धडधड जाणवते. मागे जेसन शेरलॉकचे ड्रम्स तर श्वास घ्यायला जागाच ठेवत नाहीत. न्यूक्लिअर ब्लास्टसारख्या जर्मन रेकॉर्ड कंपनीने हा बँड घेतला तो काही धर्म बघून नाही.

पुढे शेरलॉक बाहेर पडला आणि १९९४ मध्ये त्याने ‘होर्ड’ या नावाने एकट्याने ब्लॅक मेटलचा (मेटलच्याच आणखी एका कर्कश प्रकाराचा) अल्बम केला. मॉर्टिफिकेशनचा बाज मात्र ग्रूव्ह आणि थ्रॅश या मेटलच्या दुसऱ्या प्रकारांकडे वळला. ‘ब्लड वर्ल्ड’ या त्यांच्या नंतरच्या अल्बमला बरेच जुने चाहते नाकं मुरडतात, मला तो आवडतो.

पण या बँडबद्दल बोलताना मी दर वेळी एकाच गोष्टीपाशी अडतो. ‘स्क्रोल्स’वर ‘लिम्फोसार्कोमा’ नावाचं गाणं आहे, म्हणजे कर्करोगाचंच नाव. चार वर्षांनी, १९९६ मध्ये, खुद्द रोला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग झाला. अस्थिमज्जा प्रत्यारोपण करावं लागलं. त्यातून तो उठला आणि १९९८ मध्ये ‘ट्रायम्फ ऑफ मर्सी’ हा अल्बम घेऊन आला. त्या अल्बममधली कृतज्ञता मला तरी कुणाची उसनी वाटत नाही.