केलेआउटमध्ये स्वतःचे शॉर्टकट कसे करायचे? (बजेट १००० रु.)

संत्राबाग_वरुड:
नमस्कार मंडळी. नागपूरला चिप लेआउटचा कोर्स केला, आता गावी बसून सराव सुरू आहे. उबंटू, केलेआउट (चिपचा थराथराचा नकाशा काढायचं फुकट सॉफ्टवेअर) आणि स्कायवॉटर या चिप कंपनीचं १३० नॅनोमीटरचं फुकट पीडीके, म्हणजे तिथल्या थरांची आणि नियमांची फाइल-किट. सेलमध्ये (सर्किटच्या तुकड्यात) फक्त लोकल इंटरकनेक्ट आणि मेटल १ हे जोडणीचे दोन लेयर पाहायचे असले की लेयरच्या यादीत जाऊन बाकीचे एकेक बंद करा, मग परत चालू करा. वैताग आला. एका बटणावर 'हे दोनच', दुसऱ्यावर 'सगळे' असं पाहिजे. स्क्रिप्ट रुबीत लिहू की पायथनमध्ये? लॅपटॉप जुना आहे. खर्च १००० च्या आत, तोही लागलाच तर.

टिकटिक_अकोला:
स्क्रिप्ट गेली उडत, आधी मेकॅनिकल कीबोर्ड घे. माझा ६५०० चा आहे, ब्राउन स्विच, डाव्या बाजूला मॅक्रोच्या वेगळ्या कळा. हात लावून पाहशील तर लॅपटॉपच्या कळा दाबावंसं वाटणार नाही.

व्हाया_दारव्हा:
आमच्याकडे व्हर्चुओसो, कंपन्यांतलं विकतचं लेआउट सॉफ्टवेअर. भाषा स्किल, लिस्पच्या घराण्यातली. होम फोल्डरमध्ये डॉट-सीडीएसइनिट फाइल असते, तिच्यात हायसेटबाइंडकीची एक ओळ टाकायची: कोणती विंडो, कोणती कळ, कोणतं फंक्शन. संपला विषय. के दाबला की रूलर, एस दाबला की स्ट्रेच. माऊसला हात लावणारा लेआउटवाला मी मानतच नाही.

पऱ्हाटी_आणि_कोड:
@व्हाया_दारव्हा, त्या लायसनच्या पैशात आमच्या इकडे वावर येईल भाऊ. पोरगं १००० म्हणून रायलं.

सीताबर्डी_जुना:
मॅजिक वापर, तेही फुकटचं लेआउट सॉफ्टवेअर. बर्कलेत १९८० च्या दशकात जॉन औस्टरहाउटच्या हाताखाली तयार झालं, त्याच माणसाने पुढे टीसीएल ही स्क्रिप्टची भाषा काढली. मॅक्रो शब्द, कळ आणि कमांड एवढं डॉट-मॅजिकआरसीमध्ये लिहायचं. जुन्या लॅपटॉपवर पळतं. आजकालच्या पोरांना रंगीत खिडक्या लागतात.

टिकटिक_अकोला:
मॅजिकवर पण मेकॅनिकल कीबोर्ड चालतो.

सेतूवाली_ताई:
मला चिपमधलं काही कळत नाही, पण आमच्या केंद्रातल्या कॉम्प्युटरवर इनस्क्रिप्ट मराठी चालू राहिलं की के दाबल्यावर 'क' जातो. मग एका अक्षराचा शॉर्टकट कसा चालेल? भाषा आधी इंग्रजी आहे ना ते पाहा.

पऱ्हाटी_आणि_कोड:
ताईंचं बरोबर आहे. आता कामाचं ऐका. अर्ध्या गोष्टीला स्क्रिप्ट लागतच नाही. फाइल मेन्यूतून सेटअप, मग ॲप्लिकेशन, मग कस्टमाइझ मेन्यू. प्रत्येक मेन्यूच्या ओळीला आपली कळ देता येते. लेयरच्या यादीवर राइट क्लिक केल्यावर जे येतं, त्यालाही.

दोनच लेयरसाठी मात्र मॅक्रो, म्हणजे केलेआउटच्या आत चालणारी छोटी स्क्रिप्ट लिही. एफ ५ दाब, मॅक्रोची खिडकी उघडते. चालू व्ह्यू घे, प्रत्येक लेयरवर फिर, सोर्स लेयर आणि डेटाटाइप (प्रत्येक लेयरचे ओळखीचे दोन नंबर) ६७/२० किंवा ६८/२० असला तर व्हिजिबल खरं, नाहीतर खोटं. ६७/२० लोकल इंटरकनेक्ट, ६८/२० मेटल १. मधला काँटॅक्ट दिसायला पाहिजे असला तर ६७/४४ पण घे. यादीत लेयरचे गट असतील तर गटाची ओळ वगळ, कारण गट लपला की पोटातले सगळे लपतात आणि स्क्रीन काळी होते. मग मॅक्रोच्या प्रॉपर्टीत मेन्यूत दाखव आणि शॉर्टकट भर.

आणि एक: मूळ सेटिंगमध्ये कंट्रोल एस ने फाइल सेव्ह होत नाही! समोर निवडलेला सेल टॉप म्हणून दिसतो. आपल्या गावात लाइनचा काही नेम नाही, तो शॉर्टकट पहिल्यांदा बदल.

व्हाया_दारव्हा:
पायथनमध्येच लिही. रुबी आता कोण वापरतं?

सीताबर्डी_जुना:
केलेआउटमध्ये रुबी पहिल्यापासून आहे, डीआरसीच्या, म्हणजे लेआउटचे नियम तपासायच्या स्क्रिप्टा पण रुबीवरच. माहीत नसताना बोलू नये.

व्हाया_दारव्हा:
नोकरी पायथनवर लागते. पोराचं नुकसान करू नका.

पांदण_रस्ता:
घर गावठाण फीडरवर आहे की शेतावर? शेतीच्या फीडरवर रात्रपाळीची लाइन असली तर कसले शॉर्टकट करता. मी वावरातल्या घरी राहतो, सोलर बसवलं, इन्व्हर्टरची बॅटरी मात्र उन्हाळ्यात पाणी पिते.

नवखा_पुसद:
मॅक्रोच्या प्रॉपर्टीत शॉर्टकट भरता येतो, मी करून पाहिलं.

पऱ्हाटी_आणि_कोड:
तेच वर लिहिलं ना बे.

संत्राबाग_वरुड:
सगळ्यांचे आभार. मॅक्रो रुबीत लिहिला, कारण सोबत आलेली उदाहरणं मला रुबीतलीच लवकर कळली. गटाची ओळ वगळली नव्हती तेव्हा खरंच सगळं काळं झालं, मग ती अट टाकली. आता एफ ६ वर दोन लेयर, एफ ७ वर सगळे, कंट्रोल एस वर सेव्ह. सगळ्या मोजपट्ट्या (रूलर) पुसायला कंट्रोल के आधीपासून होतंच, मला माहीत नव्हतं. कीबोर्ड नाही घेतला. त्या पैशात राउटरचा छोटा यूपीएस मागवला.

टिकटिक_अकोला:
यूपीएसने टायपिंग होत नाही भाऊ. दिवाळीच्या सेलमध्ये ५२०० ला मिळेल, लिंक टाकू का?

पांदण_रस्ता:
यूपीएस कोणता घेतला? राउटर १२ व्होल्टचा आहे की ९ चा, ते पाहूनच लाव.