जमिनीचं तेवढं थांबा

जुन्या कारखान्याच्या जागेत घर करायचंय म्हटल्यावर भिंतींच्या विटा उघड्या ठेवा, जमिनीचं जुनं काँक्रीट घासून पॉलिश करा, फरशीचा खर्च वाचेल असं वरच्या प्रतिसादांत सुचवलंय. विटांचं पटलं. जमिनीबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे, कारण त्या जागी आधी काय बनत होतं हे इतक्या प्रतिसादांत कुणीच विचारलेलं नाही. कारखान्याचं काँक्रीट वर्षानुवर्षं तेल नि सॉल्व्हंट (तेलकट मळ विरघळवणारी रसायनं) पीत असतं. वरून कितीही घासलं तरी आत मुरलेलं तेल पुन्हा वर येतं, आणि त्यावर ना टाइल नीट धरते ना इपॉक्सीचा लेप. साधी परीक्षा म्हणजे मशीन होती तिथे पाण्याचे थेंब टाकायचे. शोषले न जाता मोत्यासारखे उभे राहिले तर तेल किंवा जुनं सीलर (काँक्रीटवर मारलेला पाणी अडवणारा थर) आहे समजा.

तेलाचा निदान वास तरी येतो. अमेरिकेत होबोकेनला पाऱ्याच्या वाफेच्या दिव्यांच्या जुन्या कारखान्यात लोकांनी हौसेने लॉफ्ट, म्हणजे कारखान्याच्या मोकळ्या जागेत राहती घरं, करून घेतले होते. लाकडी जमिनीखाली चक्क पाऱ्याचे थेंब निघाले! मुलांसकट बऱ्याच रहिवाशांच्या लघवीत पारा जास्त सापडला, १९९६मध्ये सगळ्यांना बाहेर पडावं लागलं आणि इमारत पुढे पाडली. त्यामुळे आर्किटेक्टच्या आधी जागेचा जुना वापर शोधा. धातू धुण्याचं, मुलामा देण्याचं वगैरे काम होत असेल तर काँक्रीटचा नमुना आणि खालच्या मातीतून येणारी रसायनांची वाफ दोन्ही प्रयोगशाळेत तपासून घ्या, तेही व्यवहार पक्का करण्यापूर्वी. रांगतं मूल असेल तर जास्तच.