बारावीनंतर भूगर्भशास्त्र की पर्यावरणशास्त्र? वणी तालुक्यातून एका पालकाची विचारणा

शेतकरी पालक, वणी तालुका

माझी मुलगी यंदा भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हे विषय घेऊन बारावी उत्तीर्ण झाली आहे. आमच्या शिवाराला लागून कोळशाची उघडी खाण आहे. खाण खोल होत गेली तसतसे आजूबाजूच्या विहिरींचे पाणी खाली गेले. हे नेमके कशामुळे झाले, हे नीट सांगू शकणारा माणूस गावात नाही. तिला हा विषय शिकावासा वाटतो तो त्यामुळेच. पदवीला भूगर्भशास्त्र घ्यावे की पर्यावरणशास्त्र, याचा निर्णय होत नाही. नातेवाइकांच्या मते पर्यावरणाला पुढे मागणी आहे, तर दगडांचा अभ्यास करून मुलीला फक्त रानोमाळ हिंडावे लागेल. खाणीच्या कामावर मुलींना घेतात का, हीही शंका आहे. शिक्षण केवळ नोकरीसाठी घ्यावे असे मी म्हणत नाही; परंतु पाच वर्षांचा खर्च कपाशीच्या भरवशावर करायचा असल्यामुळे नोकरीचा विचार टाळता येत नाही.

भूगर्भशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, अमरावती

भाऊ, प्रथम विहिरीचे सांगतो, कारण दोन्ही विषयांतला फरक तिथेच स्पष्ट होतो. वर्धा खोऱ्यातील कोळसा बराकार नावाच्या थरांमध्ये सापडतो आणि अनेक ठिकाणी त्यांच्या वर कामठी वालुकाश्म, म्हणजे वाळू घट्ट होऊन बनलेला खडक, असतो. हा वालुकाश्म सच्छिद्र असल्यामुळे पाणी चांगले धरून ठेवतो आणि त्यावर खोदलेल्या विहिरींना सहसा भरपूर पाणी लागते. उघडी खाण कोळशापर्यंत न्यायची म्हणजे हा पाणीदार थर कापावा लागतो, आणि खाण कोरडी ठेवण्यासाठी त्यातून झिरपणारे पाणी रात्रंदिवस पंपांनी उपसावे लागते. त्यामुळे भोवतालची भूजलपातळी खाणीच्या दिशेने उतरत जाते. तुमच्या शिवारात असेच घडले असण्याची शक्यता मोठी आहे. तरी खाली वालुकाश्म आहे, काळा दगड आहे की चुनखडी, हे पाहिल्याशिवाय कोणी छातीठोकपणे सांगू नये. वणी परिसरात हे तिन्ही खडक थोड्याथोड्या अंतरावर आढळतात. काळ्या दगडात तर पाणी मुख्यतः वरच्या मुरमात आणि भेगांमध्ये असते, त्यामुळे एका धुऱ्यावरची विहीर आटली तरी दुसऱ्या धुऱ्यावरची भरलेली राहू शकते.

पाणी दूषित आहे का, किती, त्याचा पिकांवर आणि माणसांवर काय परिणाम होतो, हे पर्यावरणशास्त्र शिकवते. पण ते पाणी कुठून आले आणि कुठे गेले, याचे उत्तर खडक वाचता आल्याशिवाय मिळत नाही. म्हणून माझा स्पष्ट सल्ला असा की, पदवी भूगर्भशास्त्रात घ्यावी आणि पर्यावरणाकडे पदव्युत्तर स्तरावर किंवा संशोधनात वळावे. उलट दिशेने येणे अवघड असते. खनिजे ओळखणे, खडकाचे पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली वाचणे आणि भूशास्त्रीय नकाशा तयार करणे या गोष्टी सुरुवातीच्या वर्षांत हाताला लागाव्या लागतात.

शिवाय या विषयासाठी विदर्भासारखी प्रयोगशाळा नाही. पश्चिमेला दख्खनचा काळा पाषाण आणि त्यात उल्काघाताने झालेले लोणार, पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा, वर्धा खोऱ्यातील कोळसा, नागपूर–भंडाऱ्याचे मँगनीज, गडचिरोलीतील सुरजागडचे लोहखनिज. मुंबईच्या विद्यार्थ्यांना ज्यासाठी आठवडाभराची सहल काढावी लागते, ते आपल्याकडे एसटीच्या अंतरावर आहे. (तरीही आपली मुले पुण्याकडेच पाहतात, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.)

पर्यावरण सल्लागार, नागपूर

सरांच्या मताशी मी बहुतांशी सहमत आहे, मात्र पर्यावरणशास्त्राची बाजू त्यांनी जरा आखडती मांडली. मी स्वतः त्याच विषयात एम.एस्सी. केले आहे. केंद्र सरकारच्या 14 सप्टेंबर 2006 च्या अधिसूचनेनुसार त्यात नमूद केलेल्या खाणी, वीज केंद्रे आणि कारखाने यांना पर्यावरणीय मंजुरी घ्यावी लागते. त्यासाठीच्या आघात मूल्यांकन अहवालात, म्हणजे प्रकल्पाचा परिसरावर काय परिणाम होईल हे सांगणाऱ्या अहवालात, हवा, पाणी, जमीन, वनस्पती आणि लोकवस्ती या सर्वांचा अभ्यास असतो. नमुने घेणे, त्यांचे रासायनिक पृथक्करण करणे आणि जनसुनावणीत विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे अहवालात आणणे हे आमचे काम आहे. ज्याला रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र मनापासून आवडते, त्याने केवळ नोकरीच्या भीतीने खडकांकडे जाऊ नये.

तरीसुद्धा सरकारी पदांबाबत एक गोष्ट प्रवेशाआधीच माहीत असावी. संघ लोकसेवा आयोग संयुक्त भूवैज्ञानिक परीक्षा घेतो. तिच्यातून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील भूवैज्ञानिक आणि केंद्रीय भूजल मंडळातील भूजलशास्त्रज्ञ निवडले जातात. या पदांसाठी भूगर्भशास्त्र किंवा त्याच्या ठरावीक शाखांमधील पदव्युत्तर पदवी आवश्यक असते, पर्यावरणशास्त्राची एम.एस्सी. तिथे चालत नाही. प्राध्यापकीसाठी मात्र दोन्ही मार्ग खुले आहेत: पर्यावरणाची पात्रता परीक्षा (नेट) यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, यादीत आहे, पृथ्वीविज्ञानाची सीएसआयआरच्या, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या.

नागपुरात नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था, भारतीय खाण ब्युरोचे मुख्यालय, भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य क्षेत्रीय कार्यालय आणि मॉयल या मँगनीज काढणाऱ्या सरकारी कंपनीचे मुख्यालय, ही सर्व एकाच शहरात आहेत. प्रशिक्षणासाठी किंवा प्रकल्पासाठी विद्यार्थ्यांनी तिथे अर्ज अवश्य करावा.

शेतकरी पालक, वणी तालुका

दोघांचेही आभार. विहिरीबद्दलची माहिती मुलीने दोनदा वाचली. दोन शंका उरतात. तिने गणित घेतलेले नाही. प्रवेशाला अडचण येईल का? आणि मुलींच्या फिरतीबद्दल कोणी लिहिले नाही.

भूजल सर्वेक्षणात काम करणारी, यवतमाळ जिल्हा

दादा, फिरतीचे मी सांगते. पदवीच्या काळात क्षेत्रभेटी शिक्षकांसोबत गटाने होतात आणि त्यात मुलीही असतात. नोकरीत गावोगाव जाऊन विहिरींची पातळी मोजावी लागते. उन्हाचा त्रास होतो, पण गावातील बायका पाण्याबद्दल माझ्याशी जितके मोकळेपणाने बोलतात तितके माझ्या पुरुष सहकाऱ्यांशी बोलत नाहीत. कोणत्या हातपंपाचे पाणी चहाला चालत नाही, हे त्यांनाच ठाऊक असते. फ्लोराइडच्या कामात मला त्याचा फार उपयोग झाला. आपल्या जिल्ह्यात केळापूर भागात हा प्रश्न जुना आहे, आणि पिण्याच्या पाण्यात लिटरला 1.5 मिलिग्रॅम ही त्याची कमाल मर्यादा आहे. हे फ्लोराइड खडकातील खनिजांतून पाण्यात उतरते. त्यामुळे बोअर आणखी खोल नेण्याआधी खालच्या खडकाची चौकशी करणे शहाणपणाचे ठरते.

खाणीबाबत म्हणाल तर, 1952 च्या खाण अधिनियमाने स्त्रियांना भूमिगत कामाला आणि रात्रपाळीला मनाई केली होती. 2019 मध्ये केंद्र सरकारने अटींसह त्यात सूट दिली. त्यानुसार स्त्रीची लेखी संमती असल्यास उघड्या खाणीत रात्री आणि तांत्रिक, पर्यवेक्षकीय व व्यवस्थापकीय कामासाठी भूमिगत खाणीत दिवसा काम करता येऊ लागले.

गणिताची अट विषयगटानुसार बदलते. भूगर्भशास्त्राला सहसा जीवशास्त्राचे विद्यार्थीही घेतात, परंतु भूभौतिकशास्त्राकडे जायचे असल्यास गणिताशिवाय निभाव लागत नाही. ज्या महाविद्यालयात अर्ज करणार असाल, तिथे मुख्य विषय भूगर्भशास्त्र असताना दुय्यम म्हणून रसायनशास्त्र मिळते का, हे विचारून घ्या. पाण्याच्या कामात पुढे पदोपदी तेच लागते. आणि वाटल्यास प्रवेशापूर्वी मुलीला आमच्यासोबत एक दिवस विहिरी मोजायला पाठवा, म्हणजे निर्णय तिला स्वतः घेता येईल.