'नमुना' म्हणजे फॉर्म की मॉडेल?

सातरस्ता:
संगणक वर्गासाठी एक इंग्रजी पुस्तिका मराठीत आणतेय. मुद्दा साधा: फॉर्ममधल्या माहितीचं मॉडेल, म्हणजे कुठली माहिती हवी नि तिचे नियम काय, ते वेगळं ठेवा, ती पडद्यावर कशी दिसते ते वेगळं. फॉर्मला मी 'नमुना' केलं, कारण तलाठ्याकडे गाव नमुना 7, 12, 8अ असे सगळे नमुनेच. मग मॉडेललाही सुचला तो 'नमुना'च. आता वाक्य झालंय: 'नमुन्याचा नमुना नमुन्याच्या दिसण्यापासून वेगळा ठेवा.' पोरं मलाच नमुना म्हणतील. शब्द सुचवा.

काना_मात्रा:
फॉर्म म्हणजे प्रपत्र, मॉडेल म्हणजे प्रतिमान, रेंडरिंग, म्हणजे पडद्यावरचं दिसणं, ते दृश्यांकन. शब्द आहेत, वापरायचा आळस आहे.

शेंगाचटणी:
खिडकीवर जाऊन 'एक प्रपत्र द्या' म्हणून बघा, मागची रांग हसते की नाही ते सांगा. आणि नमुना हा 'नम्' धातूतला. ज्याच्यापुढे वाकावं लागतं तो नमुना. सातबारा काढायला गेलेल्या कुणालाही विचारा.

काना_मात्रा:
'नम्'चा काही संबंध नाही. शब्द फारसी, 'दाखवणे' अशा अर्थाच्या 'नमूदन' क्रियापदातून आलेला. आपलं 'नमूद करणे' त्याच घरातलं.

सातरस्ता:
थांबा, मग तर उलटंच झालं! मुळात 'दाखवणं' असेल तर नमुना हा शब्द दिसण्याच्या बाजूला जायला हवा, मॉडेलच्या नाही.

रात्रपाळी:
शब्दाचं नंतर बघू, आधी भानगड काय ते ऐका. मी केलेल्या एका अर्जात अविवाहित निवडलं की 'पतीचे नाव' हा रकाना लपायचा. पण तो भरलाच पाहिजे ही अट रकान्यालाच चिकटवलेली. रकाना दिसत नाही, अट जिवंत. एक बाई अर्धा तास 'जमा करा' दाबत बसल्या, शेवटी फोनवर म्हणाल्या, "आता लग्न करून येऊ का?" तो नियम माहितीच्या बाजूला हवा होता: अविवाहित असेल तर हा रकाना लागूच नाही. 2003 साली डब्ल्यूथ्रीसीने, म्हणजे वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने, वेबवरच्या फॉर्मसाठी एक्सफॉर्म्स नावाचं मानक काढलं त्यात हेच होतं. लागू आहे का, सक्तीचं आहे का, बेरीज कशी, हे सगळं मॉडेलमध्ये. पानावर फक्त 'यातून एक निवडा'. मग गोल टिंबं दाखवा नाहीतर खाली उघडणारी यादी.

धोटा:
आमच्याकडे हे मागावर रोज चालतं. जकार्ड म्हणजे मागावर नक्षी काढणारं यंत्र. त्याच्या कार्डाला भोक असेल तिथे आकडा, म्हणजे हुक, वर जातो, दोरा उचलला जातो. मोराची नक्षी कार्डात आहे. दोरा लाल लावा की हिरवा, कार्ड तेच. आणि आपली सोलापुरी चादर उलटी केली की तोच मोर रंगांची अदलाबदल करून मागच्या बाजूला. मॉडेलला 'कार्ड' म्हणा, वर्गातल्या निम्म्या पोरांच्या घरी समजेल.

रात्रपाळी:
पण कार्ड आकड्यांच्या हिशेबानेच पंच होतं ना? जास्त आकड्यांच्या जकार्डवर तेच कार्ड चालेल का?

धोटा:
नाही चालणार. तेवढं खरं. वडील म्हणायचे, डिझाइन कागदावर काढणाऱ्याला माग ठाऊक असावा लागतो.

शेंगाचटणी:
म्हणजे पूर्ण वेगळं होतच नाही. सरळ फॉर्म, मॉडेल, दिसणं असं लिहा. पोरं तेच बोलतात.

काना_मात्रा:
'दिनांक', 'महापौर' यांनाही एकेकाळी लोक हसले असतील. शब्द वापरल्याने रुळतो. बाकी ती 'चद्दर' आहे, 'चादर' नव्हे. भौगोलिक मानांकनात 'सोलापूर चद्दर' अशी नोंद आहे.

धोटा:
नोंद काहीही असू द्या. तीन पिढ्या माग चालवतोय, आमच्या घरात चादरच.

शेंगाचटणी:
सोलापुरात चाटी गल्लीत दोन्ही ऐकलंय. आई तर 'चाद्दर' म्हणायची.

सातरस्ता:
पुस्तिका सोमवारी छापायला जातेय हो...

काना_मात्रा:
'चाद्दर' ही अशुद्ध.