मदत हवी आहे: फर्मवेअर बदलल्यावर बारकोड स्कॅनर जोडले जात नाहीत आणि 5 गिगाहर्ट्झचे नेटवर्क मध्येच नाहीसे होते

नमस्कार. सोलापुरातील अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहतीतील एका टेरी टॉवेल कारखान्याचे नेटवर्क मी सांभाळतो. मागांची शेड, पॅकिंग विभाग, गोदाम आणि कार्यालय अशा ठिकाणी 802.11एसी या वाय-फाय पिढीचे एकाच मॉडेलचे चार ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय पुरवणारी उपकरणे) बसवलेले आहेत आणि त्यांना एकाच पीओई स्विचवरून, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच, वीज मिळते. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही. अशी लक्षणे अनेक कंपन्यांच्या उपकरणांत आढळतात आणि मला तक्रार करायची नसून उपाय हवा आहे.

फर्मवेअर, म्हणजे उपकरणातील मूळ सॉफ्टवेअर, बदलणे आवश्यक होते. जुन्या आवृत्तीत 2017 मधील क्रॅक या वाय-फाय सुरक्षेतील त्रुटीची दुरुस्ती होती, पण मे 2021 मध्ये जाहीर झालेल्या फ्रॅगअटॅक्स त्रुटींची नव्हती. मालाची नोंद, पावत्या आणि परगावच्या ऑर्डरी याच नेटवर्कवरून जात असल्यामुळे ती उणीव तशीच ठेवणे मला योग्य वाटले नाही. नवी आवृत्ती चढवल्यापासून मात्र पुढील अडचणी सुरू झाल्या आहेत.

सर्वांत मोठी अडचण पॅकिंग विभागातील हातात धरायच्या बारकोड स्कॅनरची आहे. ते जुन्या अँड्रॉइडवर चालतात आणि त्यांना फक्त 2.4 गिगाहर्ट्झ व डब्ल्यूपीए2 (वाय-फाय सुरक्षेची आधीची पद्धत) समजते. अद्ययावत केल्यानंतर सुरक्षेचा प्रकार आपोआप डब्ल्यूपीए2 व डब्ल्यूपीए3 (त्यानंतरची पद्धत) असा मिश्र झाला. तेव्हापासून स्कॅनरला नेटवर्क दिसते, परंतु पासवर्ड बरोबर असूनही जोडणी पूर्ण होत नाही. मिश्र प्रकार काढून केवळ डब्ल्यूपीए2 ठेवला आणि व्यवस्थापन फ्रेमचे (जोडणी जुळवण्या-तोडण्याच्या संदेशांचे) संरक्षण, म्हणजे मेनूतील पीएमएफ, बंद केले की ते जोडले जातात, मात्र त्यानंतरही साधारण तासातासाने एकदा तुटतात.

दुसरी अडचण 5 गिगाहर्ट्झची. चॅनेल 'ऑटो' ठेवले असता कार्यालयातील लॅपटॉपचे नेटवर्क अचानक नाहीसे होते आणि मिनिटभराने दुसऱ्या चॅनेलवर परत येते. ॲक्सेस पॉइंटच्या नोंदींत त्या वेळी 'रडार आढळले' असे लिहिलेले असते. 2017 ते 2019 या काळात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ढगांवरील प्रयोगांसाठी सोलापुरात सी-बँड रडार चालवले होते आणि तसे रडार याच पट्ट्याच्या आसपास काम करते. त्यामुळे ही नोंद खरी मानावी की नव्या फर्मवेअरचा चुकीचा निष्कर्ष मानावा, हे कसे ठरवायचे?

तिसरे म्हणजे मागांच्या शेडमधील ॲक्सेस पॉइंट काही आठवड्यांनी हळू होत जातो आणि बंद करून चालू केल्यावरच सुधारतो.

जुन्या आवृत्तीवर परत जाण्याचा सल्ला मला दोघांनी दिला आहे. सुरक्षेची दुरुस्ती न गमावता या अडचणी टाळता येतील का, आणि पीएमएफ बंद केल्याने तीच दुरुस्ती निकामी होते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद 1 (जुळे सोलापूर)

सर, जुन्या आवृत्तीवर जाऊ नका. आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीचा निर्णय त्यावरच अवलंबून आहे. फ्रॅगअटॅक्सची दुरुस्ती तुकड्यांत आलेली पाकिटे जोडण्याच्या आणि एकत्र बांधलेल्या फ्रेम स्वीकारण्याच्या पद्धतीत केलेली असते. पीएमएफचे काम वेगळे आहे: बाहेरच्या कोणी खोटी 'संपर्क तोडा' अशी फ्रेम पाठवली तर ती नाकारली जावी, यासाठी ते असते. ते बंद केल्याने ती खोडी करणे सोपे होईल, पण फ्रॅगअटॅक्सची दुरुस्ती जागेवरच राहील.

तरीही सगळ्या कारखान्याचे पीएमएफ बंद ठेवू नये. स्कॅनरसाठी स्वतंत्र नावाचे नेटवर्क तयार करा, ते फक्त 2.4 गिगाहर्ट्झवर आणि फक्त डब्ल्यूपीए2-एईएसवर ठेवा, आणि वेगळ्या व्हीलॅनमध्ये (त्याच उपकरणांवरील स्वतंत्र आभासी नेटवर्कमध्ये) टाकून तेथून केवळ साठ्याच्या सर्व्हरपर्यंत जाण्याची मुभा द्या. पीएमएफ आधी 'ऐच्छिक' करून पाहा. तरीही स्कॅनर अडले तरच त्या एका नेटवर्कवर बंद करा. कार्यालयाच्या नेटवर्कवर डब्ल्यूपीए3 राहू द्यावे, तेथे पीएमएफ सक्तीचेच असते. मेनूत जलद रोमिंगचा, म्हणजे 802.11आर चा पर्याय असल्यास स्कॅनरच्या नेटवर्कवर तोही बंद करा; जुनी उपकरणे त्यावरही अडखळतात.

तासातासाने तुटण्यामागे बहुधा समूह-किल्ली (सर्व जोडलेल्या उपकरणांची सामायिक सांकेतिक किल्ली) बदलण्याचा कालावधी आहे. अनेक उपकरणांत तो मुळात 3600 सेकंद असतो आणि जुन्या स्कॅनरला ती बदललेली किल्ली वेळेत उचलता येत नाही. तो 86400 केला तर किल्ली दिवसातून एकदाच बदलेल. एकच किल्ली जास्त वेळ वापरात राहणे ही त्याची किंमत आहे, पण वेगळ्या केलेल्या नेटवर्कवर ती मला परवडणारी वाटते.

आता रडार. चॅनेल 52 ते 64 आणि 100 ते 144 यांवर डीएफएसची, म्हणजे रडारसाठी चॅनेल मोकळे करण्याची, अट असते: रडार जाणवले की 10 सेकंदांत चॅनेल सोडायचे, 30 मिनिटे तेथे परतायचे नाही, आणि अशा दुसऱ्या चॅनेलवर जाताना आधी निदान 60 सेकंद ऐकायचे. आपले नेटवर्क मिनिटभर जाते त्याचे कारण हे ऐकणे आहे. खरे-खोटे ओळखण्यासाठी चारही नोंदी शेजारी ठेवून पाहा. सी-बँड हवामान रडार सहसा 5600 ते 5650 मेगाहर्ट्झमध्ये, म्हणजे चॅनेल 120, 124, 128 येथे असते. खरे रडार असेल तर त्या चॅनेलवरील सर्वच ॲक्सेस पॉइंटना ते जवळपास एकाच वेळी जाणवायला हवे. एकच ॲक्सेस पॉइंट वेगवेगळ्या चॅनेलवर रडार सांगत असेल, तर तो फर्मवेअरचा किंवा जवळच्या विद्युत गोंगाटाचा परिणाम समजावा.

निष्कर्ष काहीही निघाला तरी 'ऑटो' काढून टाका. चारही ठिकाणी रुंदी 40 मेगाहर्ट्झ ठेवून चॅनेल 36, 44, 149 आणि 157 असे एकेक वाटून द्या. ही चारही एकमेकांवर येत नाहीत आणि त्यांना डीएफएस लागत नाही. मेनूत 149 दिसत नसेल तर फर्मवेअर बदलताना 'देश' हा पर्याय मूळ स्थितीत गेला आहे का ते तपासा. भारतात 5725 ते 5875 मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्याशिवाय वापरता येतो, त्यामुळे भारत निवडल्यावर ती चॅनेल दिसायला हवीत. डीएफएस टाळण्यासाठी परदेशाचे नाव निवडण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मात्र मानू नका.

प्रतिसाद 2 (होटगी रोड)

शेडमधील ॲक्सेस पॉइंटबद्दल दोन शब्द. इमारतीच्या आत बसवायच्या पुष्कळ ॲक्सेस पॉइंटची मर्यादा 40 अंश सेल्सिअस असते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत सावलीतच त्याहून अधिक तापमान असते, पत्र्याखाली तर विचारायलाच नको. त्यातच सुताचे तंतू वायुछिद्रांत बसतात. आधी तो पुसून पत्र्यापासून हातभर खाली घ्या. नंतरही हळू होत असेल, तर मोकळी मेमरी रोज एकाच वेळी पाहून लिहून ठेवा. ती सतत घटत गेली तर मेमरी गळते आहे (वापरून झालेली मेमरी मोकळी होत नाही) असे समजावे आणि पाळी बदलताना आपोआप पुन्हा सुरू होण्याची वेळ लावावी. पुन्हा सुरू केल्यावर आतल्या नोंदी पुसल्या जातात, म्हणून त्या आधीपासूनच सिसलॉगने (नोंदी नेटवर्कवरून पाठवण्याच्या सोयीने) एखाद्या संगणकावर पाठवत राहा.

पुढील फर्मवेअर चढवताना पीओई स्विच यूपीएसवर असू द्या आणि ते काम केबलनेच करा. उपकरणाच्या फ्लॅश मेमरीत लिहिणे चालू असताना वीज गेली, तर उपकरण पुन्हा सुरू न होण्याचा धोका असतो.

धागाकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. चारही नोंदी एकत्र पाहिल्या. रडारच्या नोंदी फक्त मागांच्या शेडमधील ॲक्सेस पॉइंटवर आहेत आणि त्या चॅनेल 52, 60, 100 व 112 अशा विखुरलेल्या आहेत. त्याच वेळी बाकीचे तिन्ही शांत होते. सांगितल्याप्रमाणे चॅनेल वाटून दिल्यापासून कार्यालयाचे नेटवर्क गेलेले नाही. स्कॅनर वेगळ्या नेटवर्कवर पीएमएफ 'ऐच्छिक' ठेवूनही जोडले गेले, त्यामुळे ते बंद करण्याची वेळ आली नाही, आणि किल्लीचा कालावधी वाढवल्यावर तासाचे तुटणेही थांबले.

शेडमधील ॲक्सेस पॉइंट खाली घेतला आहे आणि नोंदी संगणकावर येत आहेत. मोकळ्या मेमरीचे आकडे पुरेसे जमले की येथेच देईन. तोपर्यंत एक विचारतो: नोंदींत मेमरी कोणत्या प्रक्रियेने धरून ठेवली आहे हे दिसत नाही, तर एसएसएचने (दुरून आज्ञा देण्याच्या सुरक्षित जोडणीने) आत जाऊन ते पाहण्याची सोय कंपनीच्या मूळ फर्मवेअरमध्ये कोणी वापरली आहे का?